फेरो बेटांवरचा गोवर

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते आपलं शरीर जंतूंचा बंदोबस्त कसं करतं याबद्दल. विषय अवाढव्य, वेळ दहा मिनिटं, आणि त्यात मला एक गोष्ट सांगायचीच आहे. तेव्हा शास्त्र जरा भराभर उरकते, सांभाळून घ्या.

गॅलरीतल्या गुलाबाची छाटणी करताना बोटात काटा मोडला आणि तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी काय होतं? बोट लाल होतं, गरम लागतं, सुजतं आणि ठणकतं. हा सगळा उद्योग जंतूंचा नसतो बरं का. बराचसा आपल्याच शरीराचा असतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींमधून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात आणि जंतूंना चक्क गिळतात. गिळून गिळून स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या पेशी. जखम बोटाला आणि अवधाण काखेत, असं का होतं? तर हाताकडून येणारा लसीकाद्रव, म्हणजे पेशींच्या अवतीभवती झिरपलेलं पाणी, काखेतल्या गाठींमधून गाळला जातो. तिथे पेशींची पुढची तयारी सुरू झाली की गाठ फुगते, हाताला लागते.

तापाचंही तसंच. पांढऱ्या पेशी रक्तात काही रसायनं सोडतात, ती मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला सांगतात, पारा चढव. मग शरीर उष्णता तयार करण्यासाठी स्नायू थरथरवतं, आणि आपण म्हणतो, थंडी वाजून ताप आला. पुन्हा सांगते, ताप शरीर स्वतः चढवतं. म्हणजे ताप अंगावर काढा असं मी म्हणत नाही. लहान बाळ असेल, ताप उतरत नसेल, तर डॉक्टरकडे जायचंच. पण साध्या सर्दीतापाला मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून "ते मागच्या वेळचं अँटिबायोटिक द्या हो" म्हणणारी मंडळी पाहिली की माझं डोकं फिरतं. सर्दी विषाणूंमुळे होते, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. पिंपरीत १९५४ साली पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला तेव्हा त्या पिढीला त्याचं केवढं अप्रूप होतं, आणि आपण ते औषध पेपरमिंटसारखं खातो. असो.

हा झाला पहिला टप्पा. त्यात सगळ्या जंतूंना साधारण एकच न्याय. दुसरा टप्पा मात्र चोखंदळ असतो. रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एखाद्या आजोबांच्या वेळच्या पंख्याचा नट शोधायला गेला असाल, तर तो तुम्हाला लगेच कळेल. तिथला माणूस माप घेऊन नवा नट घडवत नाही. त्याच्यापुढे नटांचा ढीग असतो, आणि उपसता उपसता एक आपल्या बोल्टला बरोबर बसतो. आपल्या अंगातही कोट्यवधी पांढऱ्या पेशी जंतू यायच्या आधीपासून तयार असतात, नाना आकारांचे नट घेऊन. जिचा नट जंतूला बसला, ती निवडली जाते आणि तिच्या हजारो प्रती निघतात. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ साली हे तत्त्व मांडलं. या प्रती निघायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून पहिल्या खेपेला आजार भोगावा लागतो. काही पेशी अँटिबॉडी, म्हणजे जंतूला नेमकी चिकटणारी प्रथिनं, बनवतात, काही पेशी जंतू शिरलेल्या आपल्याच पेशींना मारतात. काम झालं की यातल्या बहुतेक मरून जातात. थोड्या उरतात.

या ज्या थोड्या उरतात ना, त्यांची गोष्ट मला सांगायचीय.

स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्यामध्ये, अटलांटिक समुद्रात, फेरो नावाची बेटं आहेत. डेन्मार्कच्या अमलाखालची. घरात अ‍ॅटलास असेल तर काढा. नसेल तर मला खरंच वाईट वाटेल. पूर्वी जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून वह्या-पुस्तकं आणली की त्यात नकाशांचं पुस्तक असायचंच. आता पोरं मोबाइलमधल्या निळ्या ठिपक्यामागून चालतात. कात्रजहून कोथरूडला बरोबर पोचतात, पण कोथरूड कुठल्या दिशेला आहे विचारा, गप्प. तर ते जाऊ दे, बेटांकडे येऊ.

या बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली. पसरली, ओसरली, आणि नंतर ६५ वर्षं गोवर तिकडे फिरकलाच नाही. वस्ती थोडी, जहाजांची ये-जा कमी. गोवराला टिकून राहायचं तर सतत नवी माणसं लागतात, ती तिथे नव्हती. पुढे १८४६ साली, मार्चच्या अखेरीला, कोपनहेगनहून एक सुतार टोर्शाव्हनला, म्हणजे बेटांवरच्या मुख्य गावी, उतरला. निघण्याआधी तो गोवराच्या आजाऱ्यांना भेटून आला होता. एप्रिलच्या सुरुवातीला त्याला गोवर उठला. मग त्याच्या दोन मित्रांना. मग या बेटावरून त्या बेटावर. लोकवस्ती सगळी मिळून ७,७८२, आणि काही महिन्यांत त्यातले जवळजवळ ६,००० आजारी! नुसती पोरंटोरं नाहीत, तर बाप्ये, बायका, म्हातारीकोतारी. गावंच्या गावं अंथरुणाला खिळली.

सरकारने दोन तरुण डॉक्टर पाठवले. त्यातला एक पीटर लुडविग पानुम. वय २५, नुकताच पास झालेला. विषाणू हा प्रकारच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. गोवराचा विषाणू वेगळा काढायला १९५४ साल उजाडावं लागलं. पानुमकडे साधन म्हणाल तर वही आणि चौकस स्वभाव. गावोगाव जाऊन तो विचारायचा, पुरळ कोणत्या तारखेला उठलं? त्याआधी कुठे गेला होतात? कुणाला भेटलात?

एका खेड्यातल्या १० जणांनी त्याला सांगितलं, आम्ही होडी घेऊन ४ जूनला दुसऱ्या गावी देवमाशांच्या शिकारीला गेलो होतो. तिथे माणसं गोळा झाली होती, त्यात गोवरही होता. परत आले तेव्हा सगळे धडधाकट. आणि १८ जूनला दहाच्या दहा जणांना एकाच दिवशी पुरळ! मग पुन्हा साधारण दोन आठवडे सामसूम, आणि त्यानंतर घरच्यांची पाळी. पानुमने हिशेब मांडला. जंतूशी गाठ पडल्यापासून पुरळ उठेपर्यंत १३ ते १४ दिवस. गोवर दूषित हवेतून आपोआप उपजतो असं म्हणणारे तेव्हा बरेच होते. पानुमने तारखा दाखवून म्हटलं, नाही, तो माणसाकडून माणसाकडे जातो.

हा हिशेब मला दवाखान्यात फार उपयोगी पडला. आई पोराला घेऊन यायची, "डॉक्टर, काल वर्गातल्या एका मुलाजवळ बसला होता, त्याचाच घेतला." मी म्हणायची, कालचं सोड गं, दोन आठवड्यांपूर्वी कुठे गेला होतात ते सांग. मग आठवायचं, हां, मावशीकडे बारसं होतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. घरातले सगळे तापाने फणफणलेले, आणि त्यांची उस्तवार करायला एखादी पंचाहत्तरीची आजी खणखणीत उभी. असं पानुमला पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. त्याने या म्हाताऱ्यांना गाठून विचारलं. ज्यांना १७८१ साली गोवर येऊन गेला होता, त्यांच्यापैकी एकालाही आता तो झाला नव्हता. अशी ९८ माणसं त्याने नोंदवली. एकालाही नाही. आणि ज्या म्हाताऱ्यांना तेव्हा गोवर झाला नव्हता, ते इतरांसारखेच आजारी पडले. म्हणजे वय झालं म्हणून कुणी सुटलं नव्हतं.

आता बघा, हीच गोष्ट पुण्यात घडली असती तर शंका घेता आली असती. इथे गोवर अधूनमधून येतच राहणार, शरीराची उजळणी होणार. त्या बेटांवर उजळणीला जंतूच नव्हता. ६५ वर्षं, पुन्हा सांगते, ६५ वर्षं त्या शरीरांना गोवर दिसला नव्हता, तरी दिसल्याबरोबर ओळखला. त्या उरलेल्या पेशींचंच हे काम. काही हाडांच्या मगजात बसून वर्षानुवर्षं अँटिबॉडी बनवत राहतात, काही गाठींमध्ये वाट पाहतात आणि जंतू आला की झरझर वाढतात. आजार अंगावर दिसायच्या आतच काम उरकलेलं असतं.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग गोवर एकदा येऊन गेलेला बरा, शरीर तयार होतं. आमच्या शेजारच्या काकू अजून असं म्हणतात. काकू, ऐकताय ना? गोवराचा विषाणू नेमका या आठवण ठेवणाऱ्या पेशींमध्येच शिरतो. हॉलंडमधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. गोवर होऊन दोन महिन्यांनी, इतर रोगांविरुद्ध आधीपासून असलेल्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के गायब! स्वतःची आठवण पक्की करून देतो आणि बाकीच्यांची पुसून टाकतो. म्हणून गोवरातून उठलेलं पोर पुढे न्यूमोनिया नाहीतर हगवणीने आजारी पडतं. लसीने ही पुसापुशी होत नाही. आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. दुसरा डोस विसरणारी घरं पुष्कळ, आणि जगाच्या कानाकोपऱ्यात ही लस पाठवणारी सीरम इन्स्टिट्यूट आपल्या हडपसरात! बाजारात मिळणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या चूर्णांबद्दल मी आज बोलणार नाही, वेळ नाही आणि रक्तदाबही आहे.

जाता जाता एका श्रोत्यांच्या पत्राला उत्तर. त्यांनी विचारलंय, लहानपणी गोवर झाला होता की कांजिण्या, हे सांगायला आता घरात कुणी उरलेलं नाही, तर काय करावं? रक्तातल्या अँटिबॉडींची तपासणी होते, तिच्यावरून कळू शकतं. तपासणी नको असेल तर डॉक्टरांना विचारून मोठेपणीही लस घेता येते. आधी गोवर होऊन गेलेला असला तरी तिने अपाय होत नाही. फक्त गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांनी ही लस घ्यायची नाही, कारण तिच्यात सौम्य केलेला पण जिवंत विषाणू असतो. नमस्कार.