घुमटाखालचे पोपट

[मकॉ अक्रोड फोडतोय, अगदी जवळून]

या पायाकडे बघा. दोन बोटं पुढे, दोन मागे. अक्रोड त्यात घट्ट धरलाय आणि चोच त्याच्यावरची शीर चाचपतेय. शीर सापडली, की एकच दाब. मग काळी, जाड जीभ आतला गर अलगद काढून घेते. हिरव्या पंखांच्या मकॉची, म्हणजे एका मोठ्या पोपटाची, ही चोच दक्षिण अमेरिकेच्या जंगलात कठीण कवचाची फळं फोडते. घरात याच चोचीपुढे सोफा, दाराची चौकट, माणसाचं बोट, काहीच टिकत नाही.

हा मकॉ राहतो कॅनडात. व्हँकुव्हरच्या क्वीन एलिझाबेथ पार्कमध्ये, ब्लोडेल कॉन्झर्व्हेटरी या झाडापक्ष्यांच्या बंदिस्त, उबदार बागेच्या घुमटाखाली.

[घुमट बाहेरून, पाऊस]

ही शहरातली सगळ्यात उंच जागा, लिटल माउंटन. पूर्वी इथे दगडाची खाण होती. व्हँकुव्हरच्या सुरुवातीच्या रस्त्यांना खडी इथूनच गेली. पुढे टेकडीवर शहराच्या पाण्याची टाकी झाली, खाणीच्या खड्ड्यात बाग फुलली. लाकूडधंद्यातले प्रेंटिस ब्लोडेल यांनी साडेबारा लाख डॉलरची देणगी दिली आणि डिसेंबर १९६९ मध्ये हा घुमट लोकांसाठी उघडला. व्यास १४० फूट, उंची ७० फूट, आणि मध्ये एकही खांब नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचे १४९० फुगीर तुकडे. सांगाडा ओटावात बनला, देशाच्या या टोकाला आणला आणि दहा दिवसांत उभा राहिला. वर कॅमेरा नेला तेव्हा त्या एकेका तुकड्यावर थेंब साचून ओघळताना दिसत होते.

[आतली पायवाट]

आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते. केळी, पाम, ऑर्किड. शंभराहून जास्त पक्षी इथे आहेत आणि छोटे पक्षी मोकळे उडतात. हा गोल्डियन फिंच: जांभळी छाती, पिवळं पोट, हिरवी पाठ. मूळचा उत्तर ऑस्ट्रेलियाचा. आपण थांबलो तर तो हातभर अंतरावर येऊन दाणे टिपतो.

मोठे पोपट मात्र दांड्यांवर बसलेले. त्यांच्यातले बरेचसे कुणाच्या तरी घरून आलेत. काहींना मालकांनीच आणून दिलं, काही ग्रेहेवन या परदेशी पक्ष्यांच्या आश्रयस्थानामार्फत आले.

[आफ्रिकन ग्रे, छातीचा भाग]

हा आफ्रिकन ग्रे. लाल शेपूट, राखी अंग. छाती उघडी पडलीय, डोक्यावरची पिसं मात्र शाबूत आहेत. कारण डोक्यापर्यंत त्याची स्वतःची चोच पोचत नाही. एकटेपणा, कंटाळा, कधी आजारपण, अशा कारणांनी पिंजऱ्यातले पोपट आपलीच पिसं उपटतात. हा पक्षी माणसाजवळ चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो. तेवढ्या काळात मालकाची नोकरी बदलते, घर बदलतं, लग्न होतं, म्हातारपण येतं.

२०१६ साली जवळच्या व्हँकुव्हर बेटावर, कूम्ब्सला, पोपटांचं एक मोठं आश्रयस्थान बंद पडलं. तिथे सहाशेच्या आसपास पोपट होते. त्यांना नवी घरं शोधायचं काम ग्रेहेवननं अंगावर घेतलं.

[घुमटाच्या आतून छत]

हा घुमटही जाणार होता. छत गळायला लागलं, दुरुस्तीचा खर्च मोठा होता आणि २००९ च्या शेवटी शहराच्या बागा सांभाळणाऱ्या पार्क बोर्डानं तो बंद करायचं ठरवलं. शहरातले लोक उभे राहिले, बैठकांना गेले, पैसे गोळा केले. व्हॅनड्यूसन वनस्पती उद्यानाच्या संस्थेनं पुढाकार घेतला आणि २०१० मध्ये घुमट वाचला. पुढे छताचं कामही झालं.

हे सगळं मराठीत सांगायचं कारण आहे. आपला हिरवा पोपट पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पण मकॉ, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे मुंबई-पुण्यात फ्लॅटच्या गॅलऱ्यांमध्ये आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी पक्ष्यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर नोंद करावी लागते, जन्म, मृत्यू आणि हस्तांतरासकट. नोंद झाली, चांगलंच झालं. पण मालक थकला, की तो पक्षी ठेवायचा कुठे?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०२० पासून मुक्त पक्षीविहार आहे, माणसं रांगा लावून बघतात. महापालिकांनी याच धर्तीवर घरून आलेल्या परदेशी पोपटांसाठी वेगळा विभाग सुरू करावा. नव्या पक्ष्याला वेगळं ठेवायला खोली हवी, कारण पोपटांचे काही आजार पिसांच्या धुळीतून पसरतात. पक्ष्यांचा जाणकार डॉक्टर हवा. आणि या खर्चाची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात हवी.