सुकरू आणि कोफी

विषय दिला आहे 'देशोदेशीची नावे : अर्थ आणि उगम'. घाना, बाली, आइसलँड असं सगळीकडे जायचं आहे, पण निघायचं शुक्रवारीवरून. बाहेरगावचे कोणी असतील त्यांच्यासाठी सांगतो, आपल्या नागपुरात इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी ही वस्त्यांची नावं आहेत. बाजाराचा वार वस्तीला लागला. माणसांचंही तेच. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जुन्या पिढीत सोमाजी, मंगरू, बुधराम, सुकरू, शनिराम घरोघरी होते. ज्या वारी लेकरू झालं, त्या वाराचं नाव.

माझा आजा सुकरू. भंडाऱ्याकडचा, धानाच्या बांधीत वाढलेला. शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी नाव ऐकलं, "सुकरू हे काय नाव झालं?" म्हणाले आणि दाखल-खारीज रजिस्टरमध्ये 'शंकर' लिहिलं. जन्मतारीख घरी कोणाला ठाऊक नव्हती, म्हणून १ जुलै. ज्यांच्या वडिलांचा वाढदिवस १ जुलैला येतो, त्यांनी जरा हात वर करा बरं. पाहा, किती हात आले! शाळेत जाणारी सगळी पोट्टी काय एकाच दिवशी जन्मली होती?

पुढे जातीच्या दाखल्यासाठी तहसिलीतून कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढावी लागली. त्यात लेकराचं नाव नाही. बापाचं नाव, पुढे 'मुलगा', आणि तारीख. मी घरी येऊन त्या तारखेचा वार काढला. शुक्रवार निघाला! म्हणजे शिकलेल्या हाताने लिहिलेली तारीख खोटी, आणि अक्षर न ओळखणाऱ्या माझ्या पणजीने ठेवलेलं नाव खरं. त्या घरात कॅलेंडर नव्हतं. लेकराच्या जन्माची नोंद तिने नावातच करून ठेवली होती, आणि ती एका ओळीत पुसली गेली. याचा मला आजही राग येतो. गुरुजी वाईट नसावेत. नावाला काही भारदस्त अर्थ हवा, असं त्यांना वाटत असणार. बाजारात मिळणारी नावांची पुस्तकं आजही तेच शिकवतात : डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ. माझं म्हणणं एवढंच आहे की अर्थ नंतर बघा. नाव कोणी ठेवलं, कोणत्या वेळी, तेव्हा त्या घरात काय चाललं होतं, हे आधी विचारा.

घानातल्या अकान लोकांत आपल्या सुकरूला कोफी म्हणतात. शनिवारचा असेल तर क्वामे. कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ चा, वार शुक्रवार. सोबत जुळी बहीण झाली, ती एफुआ; तेही शुक्रवारचंच नाव, मुलीचं. दोघांच्या नावात 'अट्टा' आहे, म्हणजे जुळं. हेच नाव घेऊन ते दहा वर्षं संयुक्त राष्ट्रांचे महासचिव होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. भरभर सांगतो. बालीत वाराऐवजी क्रम. पहिलं वायान, मग मादे, न्योमान, चौथं केतुत; मुलगा असो की मुलगी. पाचवं झालं की पुन्हा वायान. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नाही, बापाच्या किंवा आईच्या नावापुढे 'सोन' म्हणजे मुलगा, नाहीतर 'दोत्तिर' म्हणजे मुलगी, असं लावतात.

लेकरं जगत नसलेल्या घरात मंगोलियात 'नेरगुई' ठेवतात, म्हणजे 'बिननावाचा', वाईट शक्तीला चकवायला. आपले दगडू, धोंडू, कचरू त्याच भीतीतून आले. त्या नावांना कोणी हसू नये. त्यांच्यामागे आधी गेलेली लेकरं आहेत.

चीनमध्ये मुलीचं नाव जाओदी, म्हणजे 'भावाला बोलावून आण'. आपल्याकडची नकोशी तिचीच बहीण. २०११ साली साताऱ्यात २८५ नकोशींना नवी नावं मिळाली. मग गुरुजींवर चिडणारा मी इथे खूश कसा? कारण इथे नाव ज्यांनी सोसलं, त्यांच्यासाठी ते बदललं.

आपल्या शहराचं उदाहरण याहून मोठं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर किती कचरू-धोंडूंच्या घरांत राहुल, गौतम, सुजाता, संघमित्रा जन्मले! इथे रजिस्टरवाल्याने काही ठरवलं नाही, आईबापांनी ठरवलं. त्यातच मिलिंद आला. पुस्तकात बघाल तर मिलिंद म्हणजे भुंगा. पण आपल्या वस्त्यांमधला मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेनाला त्याने प्रश्नांवर प्रश्न विचारले, आणि पालीत त्याचा मिलिंद झाला. बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयालाही हेच नाव आहे. पहिल्यांदा शाळेची पायरी चढणाऱ्या पोराला बापाने प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव दिलं.

ब्रह्मदेश राहिला. तिथली नावं चहाच्या वेळी विचारा, सांगतो.