बासुंदी पुन्हा उकळली, तरी

“रात्रभर बाहेर राहिलेली बासुंदी सकाळी उकळून घेतली की झालं ना, सर?” पहिल्या रांगेतल्या काकूंनी मी उभा राहायच्या आतच विचारलं. लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवतो, यावरच बोलू.

नाही, काकू, होत नाही. का ते कळायला त्या जंतूशी ओळख हवी. स्टॅफिलोकॉकस. अ‍ॅबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. गोल गोल जंतूंचे घोस दिसले. द्राक्षांच्या घडाला ग्रीकमध्ये ‘स्टॅफिली’ म्हणतात, त्यावरून १८८२ साली त्यांनी हे नाव दिलं. हा जंतू दुभंगताना दर वेळी दिशा बदलतो आणि पिल्लं चिकटूनच राहतात, म्हणून घड. त्यातला सोनेरी तो ऑरियस. करट, रांजणवाडी, नखुरडं, बहुतेक वेळा यानंच केलेलं असतं. रक्तात उतरला तर हाडं आणि हृदयाच्या झडपाही धरतो, पण तो विषय मोठा आहे, आज दुधापुरतंच बोलू.

राहतो कुठे? नाकात. साधारण तिघांतल्या एकाच्या, काही त्रास न देता. म्हणजे या सभागृहातही भरपूर आहे! आता आचाऱ्यानं नाक पुसलं किंवा त्याचं बोट पिकलंय, आणि त्याच हातानं गार होत आलेल्या बासुंदीवर पिस्ते पेरले. मीठ-साखरेनं बाकीचे जंतू हटतात, हा सहसा हटत नाही. कोमट दुधात काही तासांत फोफावतो आणि वाढता वाढता विष सोडतो. बासुंदीला ना वास येतो, ना चव बदलते.

हे प्रथम नीट दाखवलं बार्बर नावाच्या संशोधकानं, फिलिपीन्समध्ये. १९१४ साली त्यानं ते छापलं. दिसायला धडधाकट, पण कासेत स्टॅफिलोकॉकस असलेल्या गाईचं दूध ताजं प्यायलं तर काही नाही, बाहेर ठेवून प्यायलं की उलट्या. प्रयोग स्वतःवर! असली माणसं मला फार आवडतात, अनुकरण मात्र करू नका. पुढे १९३० साली शिकागोत डॅक आणि सहकाऱ्यांनी या जंतूंची वाढ गाळून नुसतं पाणी स्वयंसेवकांना पाजलं. जंतू गाळले गेले होते, तरी माणसं आजारी पडली.

तर काकू, उकळल्यावर जंतू मरतो, विष राहतं. प्रथिन असूनही ते उकळीला बधत नाही, पोटातल्या पाचकरसांनाही दाद देत नाही. जंतूला पोटात जाऊन वाढायची गरजच उरत नाही, माल तयार होऊनच आलेला असतो. म्हणून अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. मीठ-साखरेचं पाणी, फारच झालं तर सलाईन. बहुतेक जण दिवसभरात उठून बसतात.

एका पंगतीतली माणसं दोन-चार तासांत ओकू लागली आणि ताप फारसा नसला, की आम्ही आधी आचाऱ्याची बोटं बघतो.