माननीय अध्यक्षांच्या परवानगीने

श्रोतेहो, नमस्कार.

सभेची नोटीस तुम्ही कधी शेवटपर्यंत वाचली आहे का? मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे असं करत करत शेवटचा विषय येतो, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. ग्रामपंचायत असो, पतसंस्था असो की गणेश मंडळ, ही ओळ असतेच. माझ्या मते अख्ख्या नोटिशीत वाचण्यासारखी ओळ तीच. एकाला ती परवानगी सहज मिळते. दुसरा उठला की त्याला ऐकावं लागतं, “हा विषय पत्रिकेवर नाही, बसा खाली.” हा फरक का केला, हे विचारायचं कुठे, ते मात्र नोटिशीत नसतं.

ग्रामसभेचंच बघा. वर्षातून किमान चार भरवाव्या लागतात. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लोक हवेत. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. आता २ ऑक्टोबरच्या सभेत कुणी वस्तीवरच्या नळाचं विचारलं आणि सरपंचांनी “पुढच्या सभेत घेऊ” म्हटलं, तर तो नळ २६ जानेवारीपर्यंत कोरडा. लगेच दुसऱ्या कुणाचा सभामंडपाचा विषय आयत्या वेळी आला आणि मंजूरही झाला, तर वस्तीवरच्या माणसाने काय समजायचं?

खरी गंमत पुढे आहे, इतिवृत्ताच्या वहीत. त्यात एक शब्द हटकून सापडतो, ‘सर्वानुमते’. ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’ उभा राहून, घसा बसेपर्यंत विरोध केलेला माणूसही त्या ‘सर्व’मध्ये जाऊन बसतो, त्याच्या नकळत! सभेच्या आधीच कोऱ्या पानावर सह्या घेऊन ठेवण्याची पद्धतही ठाऊक असेल तुम्हाला. ती वही शंभर वर्षांनी कुणी उघडली तर त्याला वाटेल, केवढं हे एकमताचं गाव!

आता संसदेतली एक रीत सांगतो. लोकसभेत एखादा शब्द बदनामीकारक, अशिष्ट, असंसदीय किंवा सभागृहाला न शोभणारा वाटला, तर अध्यक्ष तो कामकाजातून काढून टाकू शकतात. नियम क्रमांक ३८०. लगेच पुढचा, ३८१ वा नियम सांगतो की छापील वृत्तांतात त्या जागी फुल्या घालायच्या आणि तळाला टीप द्यायची, अध्यक्षांच्या आदेशावरून वगळले. मला ही फुली फार आवडते. इथे काहीतरी होतं आणि ते कुणीतरी काढलं, एवढं तरी वाचणाऱ्याला कळतं. मग तो विचारू शकतो, का काढलं? शब्द काढण्याच्या अधिकाराबद्दल माझी तक्रार नाही. शिवीगाळ थांबवायलाच हवी. पण फुलीसुद्धा न ठेवता काढलं की उरलेल्या सगळ्याच वृत्तांतावरचा विश्वास उडतो.

आणि तक्रार खुद्द अध्यक्षांविरुद्धच असेल तर? लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचं, त्यांची स्वतःची कर्मभूमी मात्र अहमदाबाद. १९३७ पासून मुंबई विधानसभेचं अध्यक्षपद सांभाळलेले, नियमांत मुरलेले गृहस्थ. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव विरोधकांनी सभागृहात आणला. राज्यघटनेचं ९६ वं कलम सांगतं की असा ठराव विचाराधीन असताना अध्यक्षांनी त्या खुर्चीवर बसायचं नाही. सभागृहात येऊन बोलता येतं, मतही देता येतं, फक्त चर्चा दुसऱ्याने चालवायची. त्या दिवशी ती उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी चालवली. पंतप्रधान नेहरू ठरावाच्या विरोधात होते, तरी जास्तीत जास्त वेळ विरोधकांना द्यावा, असं त्यांनीच सुचवलं. ठराव फेटाळला गेला. बहुमत होतंच, तो फेटाळला जाणारच होता. पण तक्रार करणाऱ्यांना आधी बोलू दिलं गेलं, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्या हातात तेवढा वेळ घंटा नव्हती.

दुसऱ्यांचं सांगणं सोपं असतं. माझंही सांगतो. आमच्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेचा मी काही वर्षं अध्यक्ष होतो. एक आजोबा दरवर्षी पुस्तकखरेदीवर बोलायचे, आणि पाल्हाळ लावायचे. एका वर्षी मी त्यांना मध्येच थांबवलं. पुढे माझा एक मित्र बोलला, छान बोलला, निदान मला तसं वाटलं. सभा संपल्यावर बालविभाग सांभाळणाऱ्या ताई वही घेऊन आल्या. म्हणाल्या, “अध्यक्ष, आजोबांना तुम्ही अडीच मिनिटं दिलीत. तुमच्या मित्राला अकरा.” त्यांनी घड्याळ लावून लिहिलं होतं. मी पक्षपात केला असं मला खरोखरच वाटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते आकडे जास्त झोंबले. आवडीचा माणूस बोलताना घड्याळ सावकाश चालतं, दुसरं काय!

पुढच्या वर्षी फळ्यावर सभेआधीच लिहून ठेवलं, प्रत्येकी चार मिनिटं, घंटा ताई वाजवतील. ज्याला थांबवलं त्याचं नाव आणि कारण इतिवृत्तात येईल. माझ्या मित्रालाही घंटा झाली, आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आजोबांनाही झाली. त्यांच्या नावापुढे ‘वेळ संपल्याने अध्यक्षांनी थांबवले’ असं लिहिलं गेलं.

त्यानंतरच्या वर्षी पहिलाच विषय, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. आजोबा उठले. म्हणाले, “दुरुस्ती आहे. माझी वेळ संपली नव्हती, अर्धं मिनिट शिल्लक होतं.” ताईंनी जुनी वही काढली, पानं उलटली, आणि म्हणाल्या, “बरोबर आहे, घंटा माझ्याकडून लवकर वाजली.” दुरुस्ती मंजूर झाली. वहीत तशी नोंद आहे, खाली माझी सही आहे. मग आजोबांनी ते अर्धं मिनिट मागून घेतलं, आणि बोलले मात्र सहा मिनिटं.

नमस्कार.