अर्थिंगची सळी आणि मायक्रोफोनचा चटका

[दृश्य: दोन माडांमध्ये ताणलेला डायपोल. खाली कौलारू चिरेबंदी घर.]

फोंडा तालुक्यातलं घर, माडांवर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना, पहिल्या मजल्यावर १०० वॅटचा हॅम रेडिओ सेट. बोलायला लागलं की मायक्रोफोनची जाळी ओठाला चावते. एफटी-८ ही संगणकातून संदेश पाठवायची डिजिटल पद्धत चालू असताना यूएसबी जोडणी मध्येच तुटते. कोअ‍ॅक्सला (सेटपासून अँटेनेपर्यंत जाणाऱ्या केबलला) हात लावला की एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनेकडून किती ऊर्जा परत येते त्याचं माप, हलतो.

सल्ला ठरलेला असतो: अर्थिंग कमी पडतंय, आणखी एक सळी ठोका. मग खिडकीतून अंगणापर्यंत दहा मीटर तार उतरते. ७.१ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४२ मीटर, म्हणजे ही तार जवळजवळ पाव तरंगलांबीची. अशा तारेचं एक टोक जमिनीला लावलं की दुसऱ्या टोकाला इम्पिडन्स (रेडिओ प्रवाहाला होणारा अडथळा) प्रचंड वाढतो. थोडक्यात, या बँडवर सेटला ती तार जोडलेली असून नसल्यासारखीच. मे महिन्यात जांभा कोरडा पडून अर्थिंगचा रोध वाढतो हे खरं, पण भर पावसातही हा चटका जात नाही.

[दृश्य: सोललेली कोअ‍ॅक्स, जाळी जवळून.]

दोष वर, फीड पॉइंटला, म्हणजे केबल अँटेनेला जोडते त्या जागी आहे. ७ मेगाहर्ट्झचा प्रवाह तांब्यात मिलिमीटरच्या जेमतेम चाळिसाव्या भागाइतकाच शिरतो. त्यामुळे केबलमधल्या तारेभोवतीच्या जाळीचा आतला आणि बाहेरचा पृष्ठभाग या दोन वेगळ्या तारा ठरतात. आतून वर गेलेल्या प्रवाहाला तिथे दोन वाटा मिळतात: डायपोलची एक बाजू, किंवा जाळीच्या बाहेरून परत थेट टेबलापर्यंत.

ही दुसरी वाट चोकने, म्हणजे फेराइटवर केबल गुंडाळून केलेल्या अडथळ्याने अडवायची. एफटी-२४०-३१ ही फेराइट रिंग घ्या, आरजी-५८ या केबलचे १० ते १२ वेढे मारा आणि चोक अगदी फीड पॉइंटला बसवा. केबलवर चाप लावून बसणारा एखादा फेराइट मणी इथे नुसती शोभा. एका फेरीत मिळणारा इम्पिडन्स फारच तोकडा, हजारो ओहम हवेत. कोअ‍ॅक्स डायपोलला काटकोनात खाली उतरवा. ती तारेला समांतर नेली, तर बाहेरून पुन्हा प्रवाह उचलते; तेव्हा घरात शिरते तिथे दुसरा चोक लागतो.

डायपोलऐवजी एका टोकाने फीड केलेली तार अँटेना म्हणून वापरली, तर गणित वेगळं. तिथे कोअ‍ॅक्सची जाळीच काउंटरपॉइज (अँटेनेची दुसरी बाजू) होते, म्हणून तारेच्या टोकाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मरला स्वतंत्र दोनेक मीटरची तार द्या आणि चोक त्यानंतर लावा.

टेबलावरची सगळी उपकरणं आखूड, रुंद तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडा. सेट, ट्यूनर, पॉवर सप्लाय सारख्याच व्होल्टेजवर राहिले, तर त्यांच्यामधून प्रवाह वाहायला कारण उरत नाही.

[दृश्य: भिंतीजवळची अर्थिंगची सळी, क्लॅम्प.]

मग ही सळी उपटून टाकायची? नाही. वळवाच्या विजांसाठी ती हवीच, आणि कोअ‍ॅक्स घरात शिरते तिथला लाइटनिंग अरेस्टर (विजेचा प्रवाह जमिनीकडे वळवणारं उपकरण) तिलाच जोडायचा. पण ती घराच्या मूळ अर्थिंगला जाड तांब्याने बांधलेली हवी. सुटी ठेवली, तर जवळपास वीज पडल्यावर दोन अर्थिंगमधला हजारो व्होल्टचा फरक सेटमधून वाट काढतो. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकणं हा तर जिवाशी खेळ. खाऱ्या, दमट हवेत तांबं आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप थेट जोडले की सांधा गंजतो. मध्ये टिन चढवलेला किंवा बायमेटल क्लॅम्प घाला आणि पावसाळा सरला की तो उघडून पाहा.