ह्यूस्टनचं पिंप

२१ सप्टेंबर २०१७. ह्यूस्टनचं मिनिट मेड पार्क, मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा सामना, आठवी इनिंग. शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डॅनी फार्कर चेंडू घेऊन उभा आहे. समोर ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचा एव्हन गॅटिस. त्याच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा फार्करचा साथीदार, मांड्यांच्या आडून बोटांनी खूण करतो: चेंजअप टाक. चेंजअप म्हणजे हात फिरतो फास्टबॉलसारखाच, पण चेंडू हळू येतो आणि बॅटर घाई करून फसतो.

आता नीट ऐका. धप्प. अ‍ॅस्ट्रोजच्या डगआउटकडून, म्हणजे खेळाडूंच्या बाकांच्या जागेकडून, आवाज आला. पुन्हा चेंजअपची खूण, पुन्हा धप्प. फास्टबॉलची खूण झाली की मात्र काहीच नाही.

फार्करच्या ते ध्यानात आलं. तो मागे सरला, कॅचरला जवळ बोलावून घेतलं आणि दोघांनी खुणा बदलल्या. आवाज थांबला. गॅटिस बाद झाला.

इकडे डगआउटमध्ये सगळ्यांची तंतरली होती. सामना संपायच्या आतच काही खेळाडूंनी डगआउटमागच्या बोगद्यातला, भिंतीला लावलेला मॉनिटर काढला आणि एका ऑफिसात नेऊन लपवला. हे उघड व्हायला पुढे दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

त्या मॉनिटरची एवढी भीती का, हे कळायला बेसबॉलचं एक गणित समजून घ्यावं लागेल. पिचर आणि बॅटर यांच्यात अंतर साडेसाठ फुटांचं. वेगवान चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. एवढ्यात बॅटरला चेंडू ओळखायचाही असतो आणि मारायचाही असतो. क्रिकेटमध्ये बॉलरच्या मनगटावरून गुगली ओळखणारा बॅट्समन निम्मी लढाई तिथेच जिंकतो. ह्यूस्टनमध्ये मनगटाकडे बघायचीही गरज नव्हती. चेंडू हातातून सुटायच्या आधीच उत्तर कानावर पडत होतं.

खुणा चोरणं हा तसा बेसबॉलमध्ये गुन्हा नाही. दुसऱ्या बेसवर, म्हणजे पिचरच्या पाठीमागच्या टप्प्यावर, पोचलेल्या रनरला कॅचरची बोटं समोर दिसतात. त्याने ती वाचून आपल्या बॅटरला इशारा केला तर त्याला हुशार म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. डोळे त्याचे, डोकं त्याचं, आणि तिथवर तो स्वतःच्या खेळावर पोचलेला. यंत्राची मदत घेतली की मात्र नियम मोडला.

यंत्राचा मोह जुनाच. १९०० साली फिलाडेल्फिया फिलीजचा राखीव कॅचर मॉर्गन मर्फी सेंटर फील्डपलीकडे, म्हणजे बॅटरच्या समोर मैदानाच्या टोकाला, दुर्बीण घेऊन बसायचा. तिथून जमिनीखालून एक तार तिसऱ्या बेसजवळच्या कोचच्या जागेपर्यंत आणलेली होती, आणि कोचच्या पायाखाली पेटी पुरलेली. मर्फीने तिकडे बटण दाबलं की इकडे पेटी थरथरायची. त्या सप्टेंबरमध्ये सिनसिनाटीच्या टॉमी कॉर्करनने भर सामन्यात बुटाच्या खिळ्यांनी तिथली माती उकरायला घेतली आणि पेटी तारांसकट वर आली. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने पोलो ग्राउंड्सवर टेलिस्कोप आणि बझर वापरून तेच केलं. क्रमवारीत साडेतेरा सामन्यांनी मागे पडलेला हा संघ शेवटच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकला. त्याची पूर्ण हकीकत छापून यायला २००१ साल उजाडलं.

आता परत ह्यूस्टनकडे. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं हा संघ दर मोसमात शंभराहून जास्त सामने हरला होता. संघबांधणी पाहणारे जनरल मॅनेजर जेफ लूनाव यांनी तो आकडेवारीच्या बळावर नव्याने उभा केला, आणि त्या कामाचं कौतुकही खूप झालं. त्यातच २०१४ पासून पंचाच्या निर्णयाला रिप्लेवर आव्हान देण्याची सोय वाढली, आणि डगआउटपासून चार पावलांवर संघांच्या व्हिडिओ खोल्या आल्या. पंचाची चूक पकडण्यासाठी दिलेल्या कॅमेऱ्यावर कॅचरची बोटंही दिसत होती. अ‍ॅस्ट्रोजच्या ऑफिसात एक एक्सेल शीट तयार झाली, नाव ‘कोडब्रेकर’. खुणा त्यात भरायच्या, कोणत्या खुणेनंतर कोणता चेंडू आला ते भरायचं, आणि शीटने संकेत उलगडून द्यायचा.

२०१७ च्या मोसमाला दोनेक महिने झाल्यावर खेळाडूंना यापेक्षा झटपट काहीतरी हवं होतं. त्या चर्चेत ज्येष्ठ खेळाडू कार्लोस बेल्ट्रान होता. बेंच कोच अ‍ॅलेक्स कोरा यांनी सेंटर फील्डच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा मॉनिटर डगआउटच्या अगदी मागे लावून घेतला. निरोप पोचवायला आधी टाळ्या आणि शिट्ट्या वापरून पाहिल्या. शेवटी पसंती मिळाली कचऱ्याच्या पिंपाला. त्यावर बॅट आपटायची. एक किंवा दोन ठोके पडले तर वळणारा किंवा संथ चेंडू, आणि ठोका नाही तर फास्टबॉल.

यात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ते मॅनेजर ए. जे. हिंच. त्यांना हा प्रकार पसंत नव्हता. त्यांनी तो मॉनिटर एकदा नाही, दोनदा फोडला. दोन्ही वेळा नवा आला. पण ज्याच्या एका शब्दावर कोणाला खेळवायचं आणि कोणाला बसवायचं हे ठरतं, त्या माणसाने खेळाडूंना समोर उभं करून ‘हे बंद करा’ असं एकदाही सांगितलं नाही. पडदा फोडण्याइतका राग होता, तरी तोंड उघडलं नाही. पुढे मेजर लीगने केलेल्या चौकशीत त्यांनी स्वतः हे मान्य केलं.

आणि ताकीद मिळाली नव्हती असंही नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, बॉस्टन रेड सॉक्सने खुणा पोचवायला स्मार्टवॉच वापरल्याचं उघड झाल्यावर, मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी सगळ्या संघांना लेखी बजावलं: यापुढे असं झालं तर जनरल मॅनेजर आणि मॅनेजर जबाबदार. लूनाव यांनी ते पत्र पुढे पाठवलं नाही. फार्करला ठोके ऐकू आले ते बरोबर सहा दिवसांनी. त्यानंतरही काम थांबलं नाही. प्लेऑफसाठी, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीसाठी, भिंतीवरच्या मॉनिटरऐवजी उचलून नेता येईल असा मॉनिटर आणला.

त्या ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळाने ह्यूस्टन पाण्याखाली गेलं होतं. घरं गमावलेली माणसं या संघाकडे डोळे लावून बसली होती. १ नोव्हेंबरला अ‍ॅस्ट्रोजने लॉस एंजेलिस डॉजर्सना सातव्या सामन्यात हरवून वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा पहिलावहिला किताब जिंकला, तेव्हा त्या शहराने केलेला जल्लोष खरा होता. त्या लोकांचाही यात विश्वासघात झाला.

दोन वर्षं क्लबहाउसच्या भिंतीआड गेली. मग १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ‘द अ‍ॅथलेटिक’या क्रीडाविषयक संकेतस्थळावर बातमी आली आणि तिला नाव लावून दुजोरा देणारा एकच होता: माइक फायर्स, २०१७ चा अ‍ॅस्ट्रोजचा पिचर. बाकीचे गप्प होते किंवा नाव न छापण्याच्या अटीवर बोलत होते. फायर्सला घरभेदी ठरवणाऱ्यांत मोठमोठे माजी खेळाडू होते. मला ते मुळीच पटत नाही. स्वतः पिचर असलेल्या माणसाने पिचरांची बाजू घेतली, एवढंच त्याने केलं होतं.

बातमीनंतर लोकांनी जुने सामने पुन्हा लावले. अ‍ॅस्ट्रोजच्याच एका चाहत्याने ५८ घरच्या सामन्यांतले ८,२०० हून अधिक चेंडू ऐकून ठोके मोजले: १,१४३. आपल्याच आवडत्या संघाविरुद्ध पुरावा गोळा करत तो रात्री बसला असेल, तेव्हा त्याला काय वाटलं असेल?

१३ जानेवारी २०२० ला निकाल लागला. चौकशीत ६८ साक्षीदार तपासले गेले. लूनाव आणि हिंच यांच्यावर एक वर्षाची बंदी आली आणि मालकाने त्याच दिवशी दोघांना काढून टाकलं. संघाला ५० लाख डॉलर दंड, नियमात बसणारा सर्वांत मोठा. दोन वर्षांचे ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतले, पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे हक्क गेले. कोरा यांनी बॉस्टनचं, तर बेल्ट्रानने न्यूयॉर्क मेट्सचं मॅनेजरपद सोडलं. खेळाडूंना मात्र खरं बोलण्याच्या बदल्यात अभय मिळालं होतं. एकालाही शिक्षा नाही. किताबही काढून घेतला नाही.

२०२२ पासून बोटांच्या खुणांची जागा पिचकॉमने घेतली. कॅचर बटणं दाबतो आणि पिचरच्या टोपीतल्या छोट्या स्पीकरमधून त्याला कोणता चेंडू टाकायचा ते ऐकू येतं.

माइक बोल्सिंजरला हे यंत्र मिळालं नाही. टोरोंटो ब्लू जेजचा हा पिचर ४ ऑगस्ट २०१७ रोजी ह्यूस्टनमध्ये उतरला. त्याने २९ चेंडू टाकले, एकच बॅटर बाद केला आणि चार रन दिले. त्या चाहत्याने तपासलेल्या सामन्यांत सर्वाधिक ठोके याच दिवशी पडले होते: ५४. त्यांतले बारा बोल्सिंजरच्या चेंडूंवर. करोडोंचा करार हाती असलेल्या पिचरला असा एखादा दिवस पचवता येतो. संघात येऊन-जाऊन असणाऱ्याला नाही. क्लबने त्याला लगेच खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये पाठवलं. नंतर तो जपानमध्ये खेळला.

२०२० मध्ये त्याने अ‍ॅस्ट्रोजवर दावा लावला. स्वतःच्या नुकसानभरपाईशिवाय त्याची आणखी एक मागणी होती: २०१७ च्या प्लेऑफच्या बोनसचे सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर अ‍ॅस्ट्रोजने लॉस एंजेलिसमधल्या मुलांसाठी आणि गरजू निवृत्त खेळाडूंसाठी द्यावेत. ते पैसे कधी दिले गेले नाहीत. त्याच वर्षी बंदी संपताच डेट्रॉइट टायगर्सने हिंच यांना मॅनेजर नेमलं, आणि काही दिवसांत कोराही बॉस्टनला आपल्या जुन्या पदावर परतले. बोल्सिंजरच्या मेजर लीगमधल्या नोंदींत शेवटची तारीख ४ ऑगस्ट २०१७ हीच आहे.