रूपाचं झाड, औषधाचं झाड

नमस्कार श्रोतेहो.

मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं मत नागपूरचे थोर संशोधक वासुदेव विष्णू मिराशी यांनी मांडलं. गडावरून खाली पसरलेली झाडी पाहिली की ते मनाला पटतंही. यक्षाच्या विरहाबद्दल आपण पुष्कळ ऐकलंय. आज मला त्या काव्यातल्या एकाच श्लोकाबद्दल बोलायचंय. अलकानगरीतल्या स्त्रिया कशा नटतात, हे यक्ष मेघाला सांगतो. त्यांच्या हातात कमळ असतं आणि केसांत कुंदाच्या कळ्या गुंफलेल्या असतात. चेहऱ्यावर लोध्राच्या फुलांचा पराग लावलेला असतो. अंबाड्यात कोरांटी, कानावर शिरीष आणि भांगात पावसाबरोबर फुलणारा कदंब. शरद, हेमंत, शिशिर, वसंत, ग्रीष्म, वर्षा अशा सहाही ऋतूंची फुलं एकाच श्लोकात आली आहेत.

आता हीच यादी वैद्याच्या नजरेने वाचा. लोध्राची साल तुरट आहे, रक्तस्राव थांबवणारी. स्त्रियांच्या विकारांत ती वापरतात आणि तारुण्यपीटिकांवर तिचा लेपही सांगितला आहे. विष उतरवणाऱ्या द्रव्यांत शिरीष सर्वांत श्रेष्ठ, असं चरकसंहिता म्हणते. हाच शिरीष आणि भांगातला तो कदंब, दोघेही चरकाच्या वेदनाशामक गटात आहेत. कानावर शोभणारं फूल ज्या झाडाचं, त्याच झाडाकडे माणूस दुखणं घेऊनही जात होता. रूप आणि औषध यांची दुकानं वेगळी झाली ती फार नंतर.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, औषधांचे पन्नास गट दिले आहेत. प्रत्येक गटात दहा द्रव्यं. त्यातला एक गट त्वचेचा वर्ण उजळवणारा आणि दुसरा अंगाची आग शमवणारा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर चंदन, वाळा आणि सारिवा, म्हणजे आपली उपळसरी, ही तिन्ही द्रव्यं दोन्हीकडे सापडतात. नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, गरम वारे सुटतात, तेव्हा चेहरा काळवंडणं आणि अंगाची लाही होणं ही एकाच उन्हाची करणी असते. आधी आग शमवा, रंग आपोआप परत येईल, हा विचार त्या दोन याद्यांत मला दिसतो.

आणि वाळा तर आपल्या घरात अजून आहे. माठात त्याची जुडी टाकतात, कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतात. पाणी पडलं की घरभर सुटणारा तो ओल्या मातीसारखा वास विदर्भातल्या प्रत्येकाला आपल्या लहानपणाचा वाटतो. कैरीचं पन्हं आहे, आंबील आहे. भाजलेल्या कैरीचा गर ऊन लागलेल्या माणसाच्या अंगाला चोळणारी माणसंही आहेत. पण इथे मला जरा कडक आवाजात बोलू द्या. ताप खूप चढला, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असतो. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि तडक दवाखान्यात न्या. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पन्हं ओतू नका.

आता हळद. वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. या गावाला लोक हळद्या वायगावच म्हणतात. तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा गडद रंग येतो तो कर्क्युमिनमुळे, आणि ते या हळदीत भरपूर असतं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात मात्र विरघळतं. लग्नाची हळद तेलात कालवायची आणि खोकल्याची हळद दुधात, ही रीत ज्या बायकांनी घालून दिली त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. होतं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण.

हळदीवरच १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. जखम भरण्यासाठी हळद वापरणं हा म्हणे नवा शोध! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुन्या संस्कृत ग्रंथांतले आणि छापील शोधनिबंधांतले पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. पुढे पारंपरिक ज्ञानाचा मोठा डिजिटल संग्रह उभा राहिला. परदेशातला पेटंट अधिकारी आता तो उघडून पाहू शकतो. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपली बाजू टिकली ती लिहून ठेवलेल्या पुराव्यावर. हे तर घरोघरी सगळ्यांनाच माहीत आहे, एवढं म्हणून भागलं नसतं.

हळदीचा आणखी एक धागा थेट नागपूरशी जुळतो. इथे किराणा दुकान चालवणारे केशव विष्णू पेंढरकर मुंबईला गेले आणि १९५२ साली त्यांनी विको कंपनी सुरू केली. पुढे त्यांच्या हळदीच्या क्रीमवरून उत्पादनशुल्क खात्याशी वाद झाला. हे सौंदर्यप्रसाधन मानायचं की औषध? कर त्यावर ठरणार होता. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषध हेच मान्य झालं. चरकाच्या काळी हा प्रश्न कुणाला पडला असता, असं मला वाटत नाही.

ग्रंथांत आलेलं ज्ञान असं वाचलं. पण आपल्या पूर्वेला, भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतच्या जंगलात जे ज्ञान आहे, त्यातलं फार थोडं कागदावर आलं आहे. हिरडा, बेहडा, आवळा, चारोळी तिथूनच येते. हिवाळ्यात फुटलेल्या अंगाला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बीचं, तेल लावतात, खरजेवर करंजाचं. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या बायकांकडून झाडांचं हे ज्ञान ऐकून घेतलं आणि ‘गोईण’ हे पुस्तक लिहिलं. गोईण म्हणजे मैत्रीण. आधुनिक वैद्यक शिकलेली डॉक्टर जंगलातल्या बाईसमोर शिकायला बसते, याचं मोल मला फार वाटतं.

ऐकून घ्यायचं म्हणजे सगळंच स्वीकारायचं, असं मात्र नव्हे. बिब्बा घ्या. टाचेच्या भेगांना तो लावतात आणि आयुर्वेदात त्याचं स्थान मोठं आहे. पण शुद्ध न केलेल्या बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, व्रण राहतो. जाणता वैदू तो कुणाला द्यायचा नाही हे आधी सांगतो. मोबाईलवरच्या व्हिडिओत एवढंच नेमकं गाळलेलं असतं. लिंबाचंही तसंच. चेहऱ्याला रस चोळून दुपारच्या उन्हात गेलात, तर रसातली द्रव्यं सूर्यप्रकाशात त्वचा भाजतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके द्यायची डंबा नावाची प्रथा आहे. ती जुनी आहे, परंपरेतली आहे, आणि ती थांबलीच पाहिजे. वर्षांच्या संख्येवर कुठलाही उपचार खरा ठरत नाही.

बाजारातून उटणं किंवा लेप आणताना पाकिटावरची द्रव्यं वाचा. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. संत्र्याची साल मात्र विकत आणू नका. संत्र्याच्या गावात राहून ती पाकिटात कशाला घ्यायची? सावलीत वाळवा, बारीक वस्त्रगाळ करा, बेसनात किंवा मुलतानी मातीत मिसळा. साल आधी नीट धुवा, कारण बागेत फवारणी झालेली असते.

शेवटी एक काम सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महानगरपालिकेत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावातली झाडं, त्यांचे उपयोग, ते जाणणारी माणसं, सगळं त्यात यावं अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्राच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तेव्हा घरातल्या आजीला, मावशीला, गावातल्या वैदूला विचारा. कोणतं झाड, त्याचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात काढायचा, कसा द्यायचा आणि कुणाला द्यायचा नाही. शेवटचा प्रश्न विसरू नका. ज्याच्याकडून ऐकलं त्याची परवानगी घ्या आणि नोंदीत त्याचं नाव येऊ द्या. ते ज्ञान त्याचं आहे. मग पुढच्या ग्रामसभेला जा आणि आपल्या गावाची नोंदवही बघायला मागा. ती झाली नसेल, तर पहिलं पान लिहायला तुम्ही बसा.

नमस्कार.